सुलेखनासाठी शिष्यवृत्ती: बडोद्याहून अर्ज करताना

दांडिया बाजारात रविवारी सकाळी मी मुलांना देवनागरी सुलेखन शिकवतो. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "काका, सुलेखनाला शिष्यवृत्ती असते का हो?" असते. पण त्या नावाने नसते, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. सरकारी संकेतस्थळावर 'सुलेखन' शोधतात, काही सापडत नाही, आणि मग हा विषयच सोडून देतात. ज्यांच्या हाताला खरंच वळण आहे अशा मुलांनी असं परत फिरलेलं मी पाहिलं आहे, म्हणून हा लेख सविस्तर लिहितो आहे.

सुलेखन हे नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी विषयाचं बोट धरून आत जातं. कधी दृश्यकला, कधी उपयोजित कला, कधी हस्तलिखितांचा अभ्यास, कधी उर्दू. तुमचं सुलेखन यांतल्या कोणाचं बोट धरणार, हे आधी ठरवायचं.

पहिली पायरी: तुम्हाला नेमकं काय शिकायचं आहे?

'अक्षर सुंदर काढायला शिकायचंय' एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा.

बोरू-शाईने स्वतंत्र चित्रासारखं काम करायचं असेल तर तुमचा विभाग दृश्यकला. जाहिरात, पुस्तकांची मुखपृष्ठं, बोधचिन्हं यांत जायचं असेल तर उपयोजित कलेची पदवी. जुन्या पोथ्या, मोडी कागद, शिलालेख यांतली वळणं अभ्यासायची असतील तर तुम्ही संशोधक; तुमचा अर्ज हस्तलिखितशास्त्र किंवा पुराभिलेख या वाटेने जाईल. नस्तालिक, म्हणजे उर्दू लिहिण्याची वळणदार शैली, शिकायची असेल तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेची केंद्रं पाहा. 'कॅलिग्राफी आणि ग्राफिक डिझाइन' असा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम या परिषदेच्या मदतीने चालतो. सुलेखन हा शब्द ज्याच्या नावातच आहे असे सरकारी अभ्यासक्रम आपल्याकडे मोजकेच, त्यांतला हा एक. उर्दू येत नाही म्हणून पुष्कळ जण तिकडे फिरकत नाहीत. लिपी शिकायला वेळ लागतो हे खरं, पण तिथे शिकलेलं कलमेचं शास्त्र देवनागरीलाही कामी येतं.

सुलेखनकार अच्युत पालव यांचं उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. १९८२ साली ते मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडले आणि उल्का या जाहिरात संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीवर जुन्या मराठी हस्तलिखितांचा अभ्यास केला. जाहिरात संस्थेने पोथ्यांच्या अभ्यासाला पैसे दिले! त्याच उल्कामध्ये र. कृ. जोशी यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. संगणकावर आपण वर्षानुवर्षं वापरलेला 'मंगल' हा टंक (फाँट) त्यांचाच. अक्षराचं महत्त्व जाणणारी माणसं कुठे बसली आहेत ते शोधायचं. त्या संस्थेच्या पाटीवर 'सुलेखन' लिहिलेलं असेलच असं नाही.

दुसरी पायरी: वय पाहा

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक योजनांत पहिली चाळणी वयाची असते. विषय, मार्क, घरची परिस्थिती हे सगळं नंतर. खालच्या तिन्ही योजनांचं काम दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र पाहतं. सगळे त्याला सीसीआरटी म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

१० ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ३,६०० रुपये, आणि गुरूची फी भरत असाल तर ९,००० रुपयांपर्यंत तीही मिळते. रक्कम लहान वाटेल, पण मूल चांगलं काम करत राहिलं तर नूतनीकरण होत होत ती पहिल्या पदवीपर्यंत किंवा विसाव्या वर्षापर्यंत चालू राहते. इथे सुलेखन चित्रकलेखालीच घालावं लागतं. त्यामुळे मुलाला नुसती अक्षरं येऊन भागत नाही, रेखाटन आणि रंगाचंही काम दाखवता आलं पाहिजे. सातवी-आठवीच्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाचून लगेच जन्मतारीख तपासावी. चौदा उलटल्यावर विचारायला येणारे खूप असतात, आणि तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसतं.

१८ ते २५ वयासाठी तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. पैसे दरमहा येत नाहीत. दर सहा महिन्यांचा एक असे चार हप्ते, म्हणजे प्रत्येक वेळी ३०,०००. ज्यांच्याकडे शिकता त्या गुरूंचं नाव आणि संमती लागते, म्हणून अर्जाच्या आधी त्यांच्याशी नीट बोलून घ्या. ऐन शेवटच्या दिवशी सही मागायला येणारा विद्यार्थी कोणत्याच सरांना आवडत नाही.

पुढे २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप), महिना १०,००० रुपये. आणि चाळिशीनंतर वरिष्ठ, महिना २०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या. यांत प्रकल्प मांडावा लागतो. मोडीच्या वळणांवर, ताम्रपटांच्या अक्षरांवर काम करायचं असेल तर मला हीच जागा सर्वांत योग्य वाटते. नोकरी-संसार सांभाळून वीस वर्षं बोरू चालवणारी कितीतरी माणसं आपल्या बडोद्यात आहेत. चाळिशीनंतरही अर्ज करता येतो हे त्यांच्या गावीही नसतं.

रकमा आणि अटी बदलू शकतात, तेव्हा यंदाची जाहिरात स्वतः उघडून वाचा. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या गेल्या वर्षीच्या चित्रावर विसंबू नका.

तिसरी पायरी: पदवी करायची असेल तर साध्या शिष्यवृत्त्या आधी

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० पासून आहे. पुष्पबागेतल्या त्या आवारात उपयोजित कलेचा विभाग आहे आणि अक्षरांकन, टंकयोजना या गोष्टी तिथल्या शिक्षणाचा भाग आहेत. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरहून निघून पुढे इथेच शिकवायला आले, हे मराठी घरांना सांगायला नको. प्रवेशाला कलचाचणी द्यावी लागते, तिची तयारी वेगळी करा.

तिथे शिकायचं तर कलेच्या शिष्यवृत्तीची वाट पाहत बसू नका. फीला मदत करणाऱ्या सर्वसाधारण योजना कलेच्या विद्यार्थ्यालाही लागू होतात. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांसाठी योजना आहे: पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,०००. गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना ८० पर्सेंटाइल आणि ६ लाखांपर्यंतचं उत्पन्न पाहते. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि आर्थिक मागास वर्गांतल्या मुलांनी डिजिटल गुजरात पोर्टल पाहावं. मात्र एक अडचण लक्षात ठेवा. आपली पुष्कळ घरं चार पिढ्या बडोद्यात आहेत, पण जातीचा दाखला मूळ गावचा, महाराष्ट्रातला असतो. तो इथे चालेल का, हे अर्जाच्या महिन्यात नव्हे, सहा महिने आधी मामलतदार कचेरीत विचारून ठेवा.

एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घ्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. दोन्हीकडे अर्ज करा, मिळाल्यावर एक निवडा आणि दुसरी लेखी नाकारा.

चौथी पायरी: कामाचे नमुने

इथे थोडा थांबतो, कारण अर्ज पडतात ते इथेच.

माझ्याकडे मुलं नमुने घेऊन येतात तेव्हा दहातले सात अक्षरगणेश असतात. नावातून गणपती, श्लोकातून गणपती. मलाही अक्षरगणेश आवडतो. पण समितीसमोर तसे शेकडो आलेले असतात, आणि त्यातून हाताची तयारी कळत नाही. चित्राचा आकार जमवण्यासाठी अक्षर ओढून-ताणून घेतलेलं असतं. तो एकच ठेवा.

त्याऐवजी एक पूर्ण पान सलग मजकूर लिहून दाखवा. पंचवीस-तीस ओळी, एकच बोरू, एकच शाई. पहिल्या ओळीतला 'क' आणि शेवटच्या ओळीतला 'क' सारखा आहे का, दोन शब्दांतली जागा ढळली का, काने एकमेकांना समांतर आहेत का, वेलांटीची उंची राखली का, हे त्या पानावर लपत नाही. पारखी माणूस आधी तेच पान पाहतो. मी स्वतः विद्यार्थ्याचं काम पाहतो तेव्हा 'अ' आणि 'ग'ची गाठ पाहतो. गाठीत शाई तुंबली असेल तर हात थांबला होता, हे लगेच दिसतं.

दुसरं, अवजारावरची पकड दाखवा. रोमन लिपीची कट निब बाजारात तयार मिळते. देवनागरीला बोरूचं टोक तिरकं छाटावं लागतं, साधारण ४५ अंशांत. अशी छाट स्वतः घेता येत असेल तर त्या बोरूचा जवळून एक फोटो आणि शेजारी त्याच बोरूने काढलेले जाड-बारीक फराटे, असं एक पान ठेवा. शेकडो रंगीत चित्रांत ते वेगळं उठून दिसतं.

तिसरं, जुन्या लेखनाचा अभ्यास. घरात आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतील तर त्यातल्या चार ओळींची नक्कल करा आणि मूळ कागदाचा फोटो शेजारी लावा. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग हात शक्य तितका न उचलता तिला अक्षरं टांगत जातात. ती लय नक्कल करतानाच कळते. बडोदे संस्थानाचा केवढा तरी कारभार मोडीत चालला, त्यामुळे आपल्या घरांतून असे कागद निघतात. दहा-बारा नमुने पुरे. त्यातले दोन कित्त्याचे, म्हणजे सरावाचे असू द्या.

आता फोटो. चांगलं काम वाईट फोटोमुळे बाद होताना मी पाहिलं आहे. कागद टेबलावर ठेवून वरून वाकून फोटो काढला की एक बाजू निमुळती होते आणि तुमचीच सावली पडते. कागद भिंतीला सपाट चिकटवा, सकाळी, ऊन थेट पडत नसेल अशा उजेडात, आणि फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशने शाई चमकते आणि काळा रंग करडा दिसतो. फोन कागदाशी समांतर आहे की नाही, हे पाहायला देवनागरीने आपल्याला शिरोरेषा दिलेली आहे. फोटोच्या वरच्या कडेशी शिरोरेषा समांतर दिसली पाहिजे. वरची ओळ समांतर आणि खालची तिरकी दिसत असेल तर फोन कललेला आहे.

पोर्टलवर फाइल लहान करून चढवावी लागते. लहान केल्यावर ती पुन्हा उघडून मोठी करून पाहा. रफाराची आणि उकाराची बारीक टोकं तुटलेली दिसली तर पानांची संख्या कमी करा, पण फोटोची प्रत उतरू देऊ नका. मूळ कागद मात्र जपून सपाट ठेवा. मुलाखतीला बोलावलं तर तेच घेऊन जायचे आहेत.

पाचवी पायरी: हेतुपत्र आणि योजना

'मला लहानपणापासून सुंदर अक्षराची आवड आहे आणि आपल्या संस्कृतीचं जतन करायचं आहे' असं वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं. भावना खरी असते, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी काय करणार, कुठे करणार, किती करणार, कोणाच्या देखरेखीखाली करणार, ते लिहा.

उदाहरणार्थ: 'पहिल्या सहा महिन्यांत देवनागरी पोथ्यांच्या ४० पानांवरून स्वर आणि जोडाक्षरांची वळणं उतरवून घेईन. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतली दोन वळणं निवडून बोरूने पूर्ण वर्णमाला बसवीन. दुसऱ्या वर्षी त्या वर्णमालेत एक छोटी पुस्तिका हाताने लिहीन आणि शाळांत दाखवीन.' एवढं लिहिलं की समितीला हप्ते कशावर द्यायचे ते कळतं. सहा महिन्यांनी अहवाल लिहितानाही सोपं जातं.

अशा कामाला बडोद्यासारखं गाव नाही. विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं आहेत. वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती इथेच तयार झाली, त्यासाठी निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. तुमच्या योजनेत अशा संस्थेचं नाव घालायचं असेल तर आधी तिथे लेखी परवानगी मागा आणि ते पत्र अर्जाला जोडा. पत्राशिवाय नुसतं नाव घातलं तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येतो.

योजना मराठीत विचार करून लिहा, मग इंग्रजी किंवा हिंदीत उतरवा. आणि खर्चाचा ताळा जमवा: कागद, शाई, गुरूची फी, प्रवास, फोटो. आकडे साधे असू द्या, पण बेरीज बरोबर असू द्या.

सहावी पायरी: कागदपत्रं

बडोद्यातल्या मराठी मुलाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांनी असतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडील 'दत्तात्रय', दुसरीकडे 'दत्तात्रयराव', तिसरीकडे गुजराती रिवाजाने 'दत्तात्रयभाई'. माणसाला हे समजतं, पोर्टलला नाही. माझा स्वतःचा एक अर्ज तरुणपणी असाच परत आला होता. एका कागदावर वडिलांच्या नावापुढे 'राव' होतं, दुसऱ्यावर नव्हतं. प्रतिज्ञापत्र करून आणेपर्यंत मुदत संपली, आणि वयामुळे पुढच्या वर्षी मला अर्जच करता आला नाही. ती रुखरुख अजून आहे. म्हणून क्लासमधल्या प्रत्येक मुलाला मी नववीतच सगळे कागद एका ओळीत मांडून नाव ताडून पाहायला लावतो.

आवकचा, म्हणजे उत्पन्नाचा, दाखला जनसेवा केंद्रातून घ्या आणि त्यावरची मुदत पाहा. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यात येतात, आणि खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. कोणी 'प्रोसेसिंग फी भरा, शिष्यवृत्ती नक्की' म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

परदेशी जायचं असेल तर

इंग्लंडच्या क्वीन एलिझाबेथ स्कॉलरशिप ट्रस्टचं नाव इंटरनेटवर लगेच सापडतं. १९९० पासून तो हस्तकारागिरांना मदत करतो, सुलेखनकारांनाही. पण ती तिथेच राहून काम करणाऱ्यांसाठी आहे. इथून अर्ज करण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेतल्या सुलेखन मंडळांच्या छोट्या शिष्यवृत्त्या बहुधा त्यांच्या सभासदांना कार्यशाळेसाठी असतात.

आपल्यासाठी खऱ्या वाटा वेगळ्या आहेत. अक्षररचनेकडून टंकरचनेकडे वळायचं असेल तर रेडिंग विद्यापीठात टंकरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; त्या विद्यापीठासाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स शिष्यवृत्ती दिली जात आली आहे, मात्र पदवीला प्रथम वर्ग लागतो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करतं, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते. अल्प मुदतीच्या ब्रिटनभेटीसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट पाहा. अरबी-फारसी खत्तात, म्हणजे त्या लिपीच्या सुलेखनात, असाल तर इस्तंबूलच्या इर्सिका संस्थेची आंतरराष्ट्रीय सुलेखन स्पर्धा १९८६ पासून दर तीन वर्षांनी होते. ती शिष्यवृत्ती नव्हे, पण तिथलं बक्षीस पुढच्या प्रत्येक अर्जात वजन देतं.

मिळाल्यावर

मंजुरीपत्राखाली सही करण्याआधी अटी वाचा. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तिलाही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते त्या करारासाठी बडोद्याला आले, आणि या शहराने त्यांना राहायला घर दिलं नाही. सयाजी बागेतून जाताना मला हे दरवेळी आठवतं. आज अटी एवढ्या मोठ्या नसतात, पण असतात: मध्येच सोडलं तर पैसे परत, गुरू बदलायचे तर परवानगी, अहवाल वेळेत. आईवडिलांनीही मुलाबरोबर बसून त्या वाचाव्यात.

हप्ता उशिरा येतो हे धरून चाला. पहिल्या सहा महिन्यांच्या कागद-शाईचा खर्च घरून करावा लागेल असं समजूनच सुरुवात करा, बिलं एका पाकिटात ठेवा.

आणि नकार आला तर? वय शिल्लक असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, पण तेच नमुने पाठवू नका. त्यासाठी आजपासून एक सवय लावून घ्या. रोजच्या सरावाचं पान फेकू नका. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि कोणत्या बोरूने लिहिलं ते टिपा. वर्षभराने त्यातली जानेवारीची आणि डिसेंबरची पानं शेजारी-शेजारी लावून एकच फोटो काढा आणि नव्या अर्जात तो पहिल्या पानावर ठेवा.